वर आठ, खाली पंधरा

दार लावल्यावर काका ते दोनदा ओढून पाहतात. धुतलेली बादली उपडी ठेवतात आणि तिच्यावर एक टिचकी मारतात. गोठ्यात शिरण्याआधी खोकतात, गाई दचकू नयेत म्हणून. माणसांच्या खोलीत मात्र न खोकता शिरतात. बटाटा असो, नवा टॉवेल असो, नाहीतर माझ्या पुस्तकाचं कव्हर, आधी अंगठ्याने दाबून बघतात. डेअरीवर त्यांना अंगठेबहाद्दर म्हणतात. त्यांना लिहिता-वाचता चांगलं येतं. पण नाव पडलं ते पडलं.

जेवताना खिडकीकडे तोंड करून बसतात. खिडकीतून धाकट्या भावाचा गोठा दिसतो. काकूंनी एकदा टेबल फिरवलं होतं. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा होतं तसं झालं.

मी त्यांच्या दूध साठवायच्या खोलीवर भाड्याने राहते. दोन वर्षं झाली. गावच्या वाचनालयात काम करते. मी साहित्य शिकले, त्याचा काकांना एकच उपयोग. संध्याकाळी धारा चालू असताना मी त्यांना गोष्टी सांगते. गोष्टीत दोन भाऊ आले की यंत्राची नळी हातात धरून ते थांबतात. ‘थोरला कोण?’ विचारतात. थोरल्याचं वाईट झालं तर पुढचे दोन दिवस गोष्ट मागत नाहीत.

दोघा भावांचे गोठे शेजारी आहेत, मधे तारेचं कुंपण. वडील गेल्यावर गाईंची वाटणी झाली. थोरला म्हणून आधी निवडायचा मान काकांचा. त्यांनी दोन दिवस घेतले. कास पाहिली, खूर पाहिले, दात पाहिले. पसंत पडल्या त्या गाई इकडे आल्या. उरल्या त्या तिकडे गेल्या.

‘लंगड्या, वाकड्या, चिडक्या,’ काका सांगतात. ‘सगळा गाळ त्याच्याकडे.’

मग सहा वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत काकांची पहिली गाय सापडली. क्षय. गाईंनाही होतो. वरून काही दिसत नाही. गाय खाते, दूध देते, लाथ मारते. फक्त तपासणीत मानेवर गाठ येते. गाठ आली की गाडी येते, गाय नेते. ती परत येत नाही. सहा वर्षांत काकांच्या चौदा गाई अशा गेल्या.

धाकट्यांची एकही गेली नाही.

का, ते कुणालाच सांगता येत नाही. गुरांच्या डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या रानातली जनावरं म्हणतात, साचलेलं पाणी म्हणतात, विकत आणलेली गाय म्हणतात, आणि शेवटी खांदे उडवतात. पाणी तर दोघांचं एकच आहे. रानही एकच. काकांच्या गोठ्यातली फरशी दिवसातून दोनदा धुतली जाते. धाकट्यांकडचं शेण वाळतं आणि कंटाळून आपणच निघून जातं, असं काकू म्हणतात.

‘निवडल्या मी,’ काका म्हणतात. ‘पहाटे उठतो मी. घासतो मी. आणि पास कोण होतो? तो!’

धाकटे कुंपणावर कोपरं टेकून ऐकवतात. ‘दादा, गाईंना जरा घाण दाखवत जा रे. तुझ्याकडे राहून नाजूक झाल्यात बिचाऱ्या.’

तपासणी झाली की धाकटे शीळ घालतात. काकूंचं म्हणणं, ते वर्षभर शीळ घालतात. काकांना ती तपासणीनंतरच ऐकू येते.

एक गाय सापडली की अख्खा गोठा बंद होतो. गाय विकता येत नाही, आणता येत नाही, कालवड शेजारच्या गावी पाठवता येत नाही. सुटायचं तर लागोपाठ दोन तपासण्या स्वच्छ जाव्या लागतात, मधे साठ दिवस. काकांचा गोठा सहा वर्षं बंद आहे. पहिली तपासणी कधी कधी स्वच्छ जायची. दुसरीत कुणीतरी अडकायचीच. या वर्षी पहिली स्वच्छ गेली. दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी दुसरी सुरू झाली.

तपासणीच्या दिवशी मी रजा टाकते. डॉक्टरबाई आकडे सांगतात आणि मी लिहिते. गाईच्या मानेवर दोन जागी केस कापतात, एक वर, एक खाली. चिमट्यासारख्या मापाने कातडीची जाडी मोजतात. दोन्ही जागी एकेक सुई टोचतात. मग तीन दिवस वाट बघायची. गुरुवारी पुन्हा माप. वरची जागा कशानेही सुजते, तिला कुणी भीत नाही. खालची वरचीपेक्षा फार वाढली तर संपलं.

कुंपण सामाईक म्हणून दोन्ही गोठे एकाच दिवशी. आधी काकांचा, मग धाकट्यांचा. तिकडेही मीच लिहिते, कारण धाकट्यांना चष्मा सापडत नाही.

‘हात लावायचा नाही,’ जाताना डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘चोळायचं नाही, दाबायचं नाही. थोरले, तुम्हाला सांगतेय. अंगठा खिशात.’

काकांनी अंगठा खिशात घातला. सगळे हसले. धाकटे सगळ्यात मोठ्याने.

त्या तीन दिवसांत काकांनी आपल्या गाईंना हात लावला. ते मला माहीत होतं, काकूंनाही माहीत होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, प्रत्येकीच्या मानेवरून अंगठा नुसता फिरवायचा. दाबायचा नाही. दूध तापलंय का पाहावं तसा. दर तपासणीला ते असंच करतात. ‘कळलेलं बरं,’ म्हणतात. मंगळवारी काही नव्हतं. बुधवारी काही नव्हतं. बत्तीस गाई, आणि बोटाला काही लागलं नाही.

एखादा माणूस यावर खूश झाला असता.

मंगळवारी सकाळी मी माझ्या खिडकीत केस विंचरत होते. काका कुंपणाशी उभे होते. तळहातावर मूठभर पेंड. पलीकडून धाकट्यांची तांबडी मान लांबवून खात होती. ती धाकट्यांची सगळ्यात दुधाळ गाय. तिची आजी वाटणीत काकांनीच सोडून दिली होती, मागचे पाय वाकडे म्हणून. तांबडीचे पायही वाकडेच आहेत. काकांच्या कुठल्याही गाईपेक्षा ती जास्त दूध देते. हे काका कधी म्हणत नाहीत. काकू म्हणतात.

काकांचा दुसरा हात तिच्या मानेखाली होता.

दुपारी वाचनालयातून जेवायला आले तेव्हा ते तिथेच होते. संध्याकाळीही. बुधवारी तर दर तासा-दीड तासाने. तांबडी आता त्यांची चाहूल लागली की आपणहून कुंपणाशी यायची. पेंड खायची. काका बराच वेळ तिच्या मानेशी वाकून राहायचे, डोळे मिटून.

मला वाटलं, माया.

काकूंना मी तसं म्हणालेही. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. ‘माया? यांची? धाकट्या भाऊजींच्या गाईवर?’ आणि इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. ‘कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशी!’

बुधवारी रात्रीच्या जेवणाला त्यांनी मला खाली बोलावलं. काका खुशीत होते. दोनदा वाढून घेतलं.

‘यंदा त्याचाही बंद होणार बघ,’ म्हणाले.

‘कुणाचा?’ काकूंनी विचारलं, जणू माहीत नाही.

‘तांबडी जाणार.’

‘तुम्हाला कोण सांगून गेलं? तांबडी?’

‘वाटतं मला.’

‘आपलं सुटतंय का ते बघा आधी. दुसऱ्याच्या घरात वाकून वाकून पाठ गेली तुमची.’

काका खिडकीबाहेर बघत राहिले. तिकडे दिवा लागला होता.

‘मला फक्त एकदा त्याला उभा राहिलेला बघायचाय,’ म्हणाले. ‘गाडी दारात आल्यावर माणूस कसा उभा राहतो, ते. एकदाच. त्याचं वाटोळं नको व्हायला. एक गाय. बास.’

काकू उठल्या. ताटं उचलली. मला वाटलं होतं, मत्सर गोष्टींमध्ये असतो तसा काळाकुट्ट असेल. हा माणूस एक गाय मागत होता, मीठ मागावं तसा.

गुरुवारी डॉक्टरबाई आल्या. काकांच्या गाई एकेक करून लोखंडी कठड्यात येत होत्या. ‘वर सात, खाली सात. वर आठ, खाली आठ. वर नऊ, खाली आठ.’ मी लिहीत होते. मिलिमीटर. काकू दाराशी उभ्या होत्या, ओठ हलत होते. बत्तिसावी गाय बाहेर गेली तेव्हा डॉक्टरबाईंनी हातमोजा काढला आणि काकांच्या खांद्यावर थाप मारली.

‘सुटलात.’

काकू उपड्या बादलीवर बसल्या. पदर डोळ्यांना लावला. सहा वर्षं. मी काकांकडे बघितलं. त्यांनी हात धुतले. कोरडे केले.

‘चला तिकडे,’ म्हणाले.

त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आमच्या पुढे चालू लागले.

धाकट्यांकडे एकोणतीस गाई. पहिल्या दहा-बारा भराभर झाल्या. धाकटे शीळ घालत होते, एका गाईच्या पार्श्वभागाला टेकून. मग तांबडी आली. ती कठड्यात शिरता शिरता काकांकडे वळली आणि त्यांचा हात हुंगला. काकांनी हात मागे घेतला.

‘वर आठ,’ डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग थांबल्या. माप पुसलं. पुन्हा लावलं.

‘खाली पंधरा.’

मी लिहिलं. शीळ थांबली.

‘हिची नाही हो,’ धाकटे म्हणाले. ‘दुसरीची असेल. पुन्हा बघा.’

‘दोनदा बघितलं.’

‘मग तिसऱ्यांदा बघा ना. काय जातंय तुमचं?’

डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा माप लावलं. आकडा सांगितला नाही. मान हलवली.

धाकटे सरळ उभे राहिले. त्यांनी तांबडीच्या पाठीवर हात ठेवला, मग काढला, मग कुठे ठेवावा ते कळेना म्हणून खिशात घातला. बस चुकलेला माणूस रस्त्याकडे बघत राहतो तसे बघत होते. काका जे बघायला आले होते ते हेच. ते तीन हातांवर होतं.

मग धाकटे वळले.

‘दादा, आता काय करायचं असतं?’

काकांनी तांबडीकडे बघितलं.

‘तुला माहीत आहे ना सगळं. गाडी कधी येते? हिला आधी वेगळी बांधायची? आणि हिचं वासरू, ते पितंय अजून. त्याचं काय करायचं? सांग ना. पहिल्या वेळी तू काय केलंस?’

‘पहिल्या वेळी...’ काका म्हणाले.

‘चौदा वेळा केलंस तू हे,’ धाकटे म्हणाले. ‘कसं केलंस रे?’

डॉक्टरबाई वाकून गाठ चाचपत होत्या. ‘गंमत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘गाठ पसरट आहे. वरची कातडी सोलवटल्यासारखी झालीय. कुठे घासत होती का ही?’

‘कुंपणाला घासली असेल,’ धाकटे म्हणाले. ‘सारखी कुंपणाशी असते.’

‘कुंपणाला घासली असती तर वरची जागाही लाल झाली असती. ही नेमकी खालचीच आहे.’ त्यांनी कमरेत हात देऊन पाठ सरळ केली. ‘असो. नियम आकड्याला बघतो. पंधरा म्हणजे पंधरा. पुढची आणा.’

पुढची गाय आत यायला लागली. मी कागदाची ओळ बदलली. मला सगळं माहीत होतं. माझ्या खिडकीतून मी ते मोजून पाहिलं असतं तर किती वेळा तेही सांगता आलं असतं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण त्या दिवशी बोलले नाही.

‘मी दाबली,’ काका म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. गाईंचा आवाज होता.

‘गाठ मी दाबली,’ ते मोठ्याने म्हणाले. ‘सोमवारपासून. खालचीच. कुंपणावरून.’

डॉक्टरबाई हळूच वळल्या. ‘किती वेळा?’

‘मोजलं नाही.’

‘पाच? दहा?’

‘जास्त. खूप जास्त. पहिल्या दिवशी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला वाटलं आहे. मग सारखं बघावंसं वाटलं, वाढली का. मी बघायला गेलो की वाढलेली असायची.’

‘वाढणारच! अंगठ्याने मळल्यावर काय होणार?’ त्यांचा चेहरा लाल झाला. ‘हा गुन्हा आहे, थोरले. कळतंय का? आणि इकडे लावलात म्हणजे तिकडेही लावला असणार हात.’

‘लावला,’ काका म्हणाले. ‘हळू. पण लावला.’

‘मग झालं. दोन्हीकडचं सगळं रद्द. साठ दिवसांनी नव्याने. तोवर दोन्ही गोठे बंद.’

‘आणि तांबडी?’ धाकट्यांनी विचारलं.

‘वेगळी बांधा. पाणी वेगळं, चारा वेगळा. रोग असेल तर गाठ तेव्हाही येईल. नसेल तर नाही येणार. आज मला सांगता येत नाही. आज कुणालाच सांगता येत नाही.’

कुंपणापलीकडे काकू येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्या वळल्या आणि घरात गेल्या. दार लावल्याचा आवाज आला.

मला वाटलं, आता धाकटे अंगावर जातील. शिवी देतील. निदान टोमणा तरी. वर्षानुवर्षं दिलेले सगळे टोमणे आठवून मी त्यातला एखादा येईल म्हणून थांबले. धाकटे काकांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते बघून मला भीती वाटली.

‘म्हणजे तुला काळजी वाटली,’ ते म्हणाले. ‘तीन दिवस येऊन बघत होतास. मला सांगितलंही नाहीस. माझ्या तांबडीची काळजी वाटली तुला.’

काकांनी अंगठा खिशात घातला.

‘वेडा आहेस तू, दादा,’ धाकटे म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. ‘तुझा गोठा सुटला होता की रे. गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? माझी गेली असती एक. तुझ्या चौदा गेल्या.’

डॉक्टरबाईंनी गाडीतून एक छापील कागद आणला. तपासणी रद्द करायची तर जबाब हवा, आणि तो ज्याने केलं त्याच्याच अक्षरात हवा. चार रकाने होते. काय केलं. केव्हा केलं. कोणत्या जनावराला. कारण. दूध साठवायच्या खोलीत, टाकीच्या झाकणावर कागद ठेवून काका लिहायला बसले. मी शेजारी उभी होते. धाकटे दाराशी. पहिले तीन रकाने त्यांनी न थांबता लिहिले. अक्षर मोठं, ठळक, प्रत्येक काना दाबून काढलेला. तांबडीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर त्यांना पाठ होता.

चौथ्या रकान्याशी पेन थांबलं.

‘लिही ना,’ धाकटे दारातून म्हणाले. ‘काळजीपोटी, म्हणून लिही. एवढं काय त्यात?’

काकांनी वर बघितलं नाही. फक्त ‘होय’ म्हणायचं होतं. भाऊ स्वतः शब्द हातात देत होता. मी शिकले त्या सगळ्या पुस्तकांत कुणालाही इतकं सोपं करून दिलेलं मी वाचलेलं नाही.

त्यांनी लिहिलं, ‘माझा धाकटा भाऊ’. मग पेन खाली ठेवलं. बाहेर डॉक्टरबाईंनी गाडी सुरू केली, हॉर्न दिला. मग आत आल्या, कागद बघितला आणि उचलला. ‘रद्द करायला एवढं पुरे. कारणाचं मागाहून पाठवा, पण पाठवा. रिकामं चालत नाही.’ दुसरी प्रत टाकीच्या झाकणावर ठेवून गेल्या.

याला अकरा दिवस झाले. काकू काकांशी बोलतात, पण कामापुरतं. काका कुंपणाकडे जात नाहीत. आता धाकटेच रोज इकडे येतात. ‘दादा, पाण्याचं टमरेलसुद्धा वेगळंच ना?’ ‘दादा, वासराला बाटलीने पाजतोय, चालेल ना?’ काका सगळं सांगतात. बारीकसारीक सांगतात. जाताना धाकटे म्हणतात, ‘बरं झालं तू आहेस.’ ते गेले की काका हात धुतात.

काल मी त्यांना विचारलं, खरं कारण धाकट्यांना सांगणार का. ते म्हणाले, त्याला काळजी हवी आहे, मिळू दे. मग म्हणाले, तीही त्यालाच मिळाली. मला आधी कळलं नाही. नंतर कळलं. चौदा गाई गेल्या तेव्हा काकांच्या कुंपणाशी कुणी काळजीने आलं नव्हतं.

आज डॉक्टरबाईंच्या कार्यालयातून दुसऱ्यांदा फोन आला. मीच घेतला. एक रकाना राहिलाय म्हणाले, दोन ओळी लिहून पाठवा. मी प्रत घेऊन गोठ्यात गेले, पेनही नेलं. काकांनी कागद घेतला, वाचला, पेनाचं टोपण काढलं. ‘माझा धाकटा भाऊ’च्या पुढे टोक टेकवलं. मग टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि म्हणाले, आधी धारा उरकू, मग बघू.